बरकतीचा वेढा

देशात इलेक्ट्रॉनिक्सचा जमाना येतोय, असं बानोनं आयुष्यात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि सांगणारा माणूस नांदेडच्या औद्योगिक वसाहतीत मांडवाखाली गळ्यात हार घालून उभा होता. पाच वर्षांत हे नांदेड म्हणजे दख्खनचं जपान होईल, असं तो म्हणाला. जपान कुठं आहे हे मांडवातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं, पण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. बानोनं जरा जोरातच वाजवल्या, कारण त्या जपानात तिला नोकरी लागली होती.

दुसऱ्यांदा ऐकलं ते आत्ता, साठीला टेकल्यावर. सांगणारा प्रीतम देगलूर नाक्यावरच्या तिच्या दोन खोल्यांच्या घरात चटईवर मांडी घालून बसला होता आणि चहा गार करून पीत होता. लहानपणीही तो असाच गार करून प्यायचा. प्रीतम म्हणजे नागुबाईचा मुलगा. नागुबाई आणि बानो अकरा वर्षं एका बाकावर शेजारी बसून काम करत होत्या. नागुबाई जाऊन चार वर्षं झाली होती. पोरगा इंजिनिअर झाला, तमिळनाडूत होसूरला नोकरी केली, आणि आता लातूरच्या एमआयडीसीत त्यानं स्वतःचं युनिट टाकलं होतं. सोलर पंपाला लागणारे कंट्रोलर तो बनवत होता.

"मावशी, आता खरंच दिवस आलेत," तो म्हणाला. "मोबाइल आपल्याकडं बनून राहिलेत. शेताशेतात सोलर पंप बसून राहिलेत. पुढच्या दहा वर्षांत या धंद्याला मरण नाही."

"असंच एकानं चौऱ्याऐंशी साली बी सांगितलं व्हतं बेटा. त्याच्या गळ्यात हार तरी व्हता," बानो म्हणाली.

प्रीतम हसला आणि खिशातून एक काळी रिंग काढून तिच्या हातावर ठेवली. मेदुवड्याएवढी, गुळगुळीत, हाताला जड. या रिंगेवर तांब्याची तार गुंडाळली की तिचा चोक होतो, आणि चोकाशिवाय कंट्रोलर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. हे चोक आजवर परदेशातून तयार यायचे, ते तीन महिन्यांपासून येईनात. बॉबिनवर, म्हणजे साध्या रिळावर, तार गुंडाळायला मशीन असतं. पण रिंगेला ना आदी ना अंत, तार प्रत्येक वेढ्याला भोकातून ओवून घ्यावी लागते. त्याचंही मशीन मिळतं, पण ते घ्यायचं तर प्रीतमला युनिटच विकावं लागलं असतं.

"हातानं करणारी माणसं पाहिजेत, मावशी. पोरी आहेत माझ्याकडं नऊ. शिकवणारं कुणी नाही. मला एकच नाव माहीत आहे."

बानो गेली पंचवीस वर्षं साड्यांना फॉल लावत होती. हात थांबले नव्हते, पण तार मात्र त्या हातांनी पुन्हा धरली नव्हती. तिनं रिंग बोटांत फिरवली आणि सुईदोऱ्याच्या डब्यातून उगाच एक दोरा काढून तिच्यावर दोन वेढे घातले. दोरा भोकातून ओढायचा, अंगठ्यानं दाबायचा, बोटानं शेजारच्याला चिकटवायचा. बोटांनी तिला विचारलंसुद्धा नाही. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि तिनं ते चष्म्यावर ढकललं.

"लई दिवसांचा चष्मा हाय," ती म्हणाली.

आता गोदा टेलिव्हिजनची गोष्ट सांगायलाच हवी, कारण बानोला भेटलेला माणूस ती ऐकल्याशिवाय सुटत नसे. कंपनी होती छोटीच. दोन पत्र्याच्या शेड, एक चिंच, आणि गच्चीवर तालुक्यातून दिसावा एवढा उंच अँटेना. ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बनायचे. काम करणाऱ्या सत्तर बायका-पोरींपैकी एकीच्याही घरी टीव्ही नव्हता. पहिला सेट चालू झाला त्या दिवशी सगळ्या हातातलं काम टाकून धावल्या. पडद्यावर नुसत्या उभ्या पट्ट्या होत्या, काळ्या, करड्या, पांढऱ्या. पण सगळ्याजणी अर्धा तास त्या पट्ट्याच बघत उभ्या राहिल्या. लक्ष्मम्मा म्हणून देगलूरकडची एक तेलुगू बोलणारी पोरगी होती, ती तर त्या पट्ट्यांना हात जोडून आली.

वाइंडिंगच्या, म्हणजे कॉइलवर तार गुंडाळायच्या खोलीत बावीस जणी होत्या. वार्निशचा वास केसांत, ओढणीत, भाकरीत, सगळीकडं असायचा. बानोची अम्मी म्हणायची, पोरगी घरी यायच्या आधी तिचा वास येतो. जेवणाच्या सुट्टीत चिंचेखाली डबे उघडायचे. नागुबाई मुखेडकडची, तिच्या डब्यात शेंगदाण्याची कोरडी चटणी ठरलेली. ती चटणी आणि बानोचा चिंचेचा आंबट खट्टा एकत्र केला की दोघींना तिसरं काही लागत नसे. कोण कुणाच्या घरचं खातं याची घरी चर्चा झाली असती. म्हणून ती गोष्ट दोघींनीही घरी कधी नेली नाही.

खोलीवर सुपरवायझर होते शिवमूर्ती साहेब, उदगीरचे. कपाळावर भस्माची तीन बोटं, खिशात चार रंगांची पेनं, आणि आवाज एवढा हळू की ओरडले तरी कानात सांगितल्यासारखं वाटायचं. रोज सकाळी ते प्रत्येकीच्या बाकावर स्वतःच्या हातानं लिहिलेलं कार्ड ठेवायचे. आज कुठली कॉइल, कुठली तार, किती वेढे. ते कार्ड म्हणजे बायकांना फर्मान.

तार मोजायची खोलीची एक रीत होती, आणि ती बानोनंच पाडली होती. तिचे अब्बा नांदेडच्या बाजारात मापाडी. धान्य मोजताना पहिल्या मापाला ते 'एक' म्हणायचे नाहीत, 'बरकत' म्हणायचे. एकापासून सुरू केलं तर रास एकावरच थांबते, अशी त्यांची समजूत. बानोनंही पहिल्याच दिवशी कॉइलचा पहिला वेढा घेताना 'बरकत' म्हटलं. शेजारी नागुबाईनं ते ऐकलं. ती म्हणाली, मी बी म्हणीन, पण मी 'जयभीम' म्हणीन. लक्ष्मम्मा 'लाभम' म्हणायला लागली. महिनाभरात बावीस जणींचा पहिला वेढा आपापल्या शब्दानं पडू लागला. कुणी देवीचं नाव घ्यायची, कुणी लेकराचं. साहेब दारात उभे राहून ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत.

अकरा वर्षांत वाइंडिंगच्या खोलीतून गेलेली एकही कॉइल वेढे चुकले म्हणून परत आली नाही. हे बानो सगळ्यांना सांगायची. नवऱ्याला सांगितलं, मुलाला म्हणजे जीशानला सांगितलं, फॉल लावायला साडी टाकून जाणाऱ्या बायकांनाही सांगितलं. बाकी आयुष्यात मिरवावं असं फार काही घडलं नव्हतं, आणि हे मात्र खरं होतं. सत्तर जणींच्या समोर साहेब म्हणाले होते, बानोच्या खोलीला मीटर लावायची गरज नाही.

पंचाण्णव साली गोदा बंद पडली. बाहेरून रंगीत टीव्ही आले, मोठ्या कंपन्यांचे, जाहिरातीसकट. गोदाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांना कोण विचारतो? फाटकाला कुलूप लागलं तरी पंधरा दिवस बायका डबे घेऊन येत राहिल्या, चिंचेखाली बसून जेवत राहिल्या आणि चारला घरी जात राहिल्या. मग एकेक कमी झाली.

पुढच्या वर्षी बानो आणि नागुबाई पुण्याला गेल्या. तिथल्या एका कंपनीला हातानं कॉइल करणाऱ्या बायका हव्या होत्या आणि राहायला खोलीही मिळणार होती. नागुबाईला प्रीतमला शिकवायचं होतं, चांगल्या शाळेत घालायचं होतं, म्हणून ती तिकिटाआधीच मनानं पुण्यात जाऊन पोहोचली होती. परीक्षा म्हणजे एक कॉइल. दोघींनी झरझर केली. बाकीच्या उमेदवार तार सोडवत बसल्या होत्या तोवर या दोघी हात झाडून मोकळ्या. फोरमननं दोन्ही कॉइल मीटरला लावल्या, कागदावर काहीतरी लिहिलं, आणि कळवू म्हणाला. कळवलं नाही.

बानोनं मनाशी कारण ठरवून टाकलं. फोरमननं फॉर्म वाचताना तिचं नाव दोनदा वाचलं होतं, बानो बेगम. तिला ते लागलं, पण निदान रागावायला काहीतरी होतं. नागुबाईला तेही नव्हतं. परतीच्या एसटीत ती आपले हात उलटेपालटे करून बघत होती. "माझ्या हातातच खोट हाय बानो," ती म्हणाली, "माझ्यापायी तुझं बी गेलं." त्यानंतर तिनं तार पुन्हा हातात धरली नाही. वसतिगृहात पोळ्या लाटल्या, त्या पोळ्यांवर पोराला इंजिनिअर केलं.

तर अशी ही बानो उन्हाळ्याच्या सुरुवातीला एक पिशवी घेऊन लातूरला गेली. प्रीतमच्या घरी मुक्काम आणि सकाळी त्याच्या गाडीवर मागे बसून एमआयडीसी. युनिट छोटं पण चकचकीत. निळे रबरी गालिचे, पांढरे दिवे, प्रत्येकीच्या मनगटाला एक पट्टा आणि त्याची वायर बाकाला. बानोला आधी वाटलं पोरी पळून जाऊ नयेत म्हणून बांधल्यात. मग कळलं, अंगातली वीज नाजूक पार्टला लागू नये म्हणून. आमच्या अंगात पण वीज होती रे, पण कुणी विचारलं नाही, असं ती म्हणाली आणि नऊच्या नऊ पोरी हसल्या. तिथून त्या तिच्याच झाल्या.

सगळ्यांत हुशार होती लुंबिनी. औसा रस्त्याची, बारावी झालेली, वीस वर्षांची. तिचे प्रश्न संपत नसत. तार ओढताना वळली तर? तारेवरचं इनॅमल खरचटलं तर? इथं एक वर्ष काढलं की चेन्नईच्या मोठ्या कंपनीत घेतील का? बानो म्हणायची, घेतील की, तुझे हात बघून डोळे झाकून घेतील. तीन आठवड्यांत पोरी तयार झाल्या. त्या बाकांवरून 'बरकत', 'जयभीम', 'रेणुकामाता' असे आवाज येऊ लागले तेव्हा बानो क्षणभर डोळे मिटून उभी राहायची. वार्निशचा वास तेवढा नव्हता, नाहीतर चौऱ्याऐंशीच साल.

गुरुवारी पुण्याहून तपासणीला माणूस येणार होता. सहा हजार कंट्रोलरची ऑर्डर त्याच्या हातात होती. त्याची पद्धत सरळ होती: नऊही जणींना समोर बसवायचं, प्रत्येकीकडून दहा-दहा चोक करून घ्यायचे, मीटर लावायचं. नव्वदात चारापर्यंत चुकले तर चालतील. त्याहून जास्त चुकले तर ऑर्डर दुसरीकडं, आणि मग या नऊ जणींना ठेवणं प्रीतमला जमणार नव्हतं. हे त्यानं पोरींना सांगितलं नव्हतं. बानोला सांगितलं होतं.

सोमवारी त्यानं घरच्या घरी तपासणी घेतली. पोरींच्या बाकांवरच्या कार्डांवर चोवीस वेढे लिहिलेले होते. पहिला चोक मीटरला लावला. आकडा शंभरामागे आठ-साडेआठनं जास्त. पाचपर्यंत सवलत होती. दुसरा लावला, तेच. तिसरा, दहावा, चाळिसावा, सगळे तेवढ्यानंच जास्त. प्रीतमनं मीटर बदललं, रिंगांची पेटी बदलली. काही फरक नाही.

"वेढे तर चुकले नसतील?" तो म्हणाला.

"काय बी बोलतू का?" बानो एकदम फणकारली. "चोवीस म्हंजी चोवीस. अकरा वर्षं मी..."

प्रीतमनं एक चोक हातात घेतला आणि तिच्यासमोर तार उलगडायला लागला. एक, दोन, तीन. चोवीस झाले आणि रिंगेवर एक वेढा उरला. पंचवीस. दुसरा उलगडला, पंचवीस. लुंबिनीचा उलगडला, पंचवीस. शेवटी बानोनं स्वतः केलेला नमुना उलगडला. पंचवीस.

मग तिच्या लक्षात आलं. अब्बा 'बरकत' म्हणायचे आणि पुढच्या मापाला थेट 'दोन' म्हणायचे. बानोला मात्र पहिल्या दिवसापासून वाटत आलं होतं की पहिला वेढा नुसता तार धरून ठेवायला असतो. म्हणून ती 'बरकत' म्हणायची आणि पुढच्या वेढ्याला 'एक'. बरकत मोजलीच जात नव्हती. हे तिनं नागुबाईला शिकवलं होतं, लक्ष्मम्माला शिकवलं होतं, आणि आता नऊ पोरींना.

प्रीतमला उलट हायसं वाटलं. "अरे, मग सोपं आहे! सगळ्यांची चूक सारखीच आहे. वेढे शंभरामागे चारानं वाढले की आकडा आठानं वाढतो, तेच झालंय. कार्डावर मी चोवीसच्या जागी तेवीस लिहितो. त्यांना काही सांगायची गरजच नाही. उद्यापासून बरोबर येतील." आणि त्यानं तिथंच पेन काढून नऊ कार्डं बदलली.

तसंच झालं. मंगळवारी सकाळी तेवीसच्या कार्डावर केलेले चोक मीटरवर तंतोतंत बसले. सगळे खूश. बानोच्या डोक्यातून मात्र एक गोष्ट जाईना. पंचवीस होत होते तर मग गोदात अकरा वर्षं एकही कॉइल परत कशी आली नाही? तिनं जीशानला हैदराबादला फोन लावला, त्याला शिवमूर्ती साहेबांच्या मुलाचा नंबर शोधायला लावला, आणि दुपारच्या एसटीनं उदगीरला गेली.

शिवमूर्ती साहेब ब्याऐंशी वर्षांचे झाले होते. मुलाच्या घराच्या ओसरीवर खाटेवर बसले होते, कानात मशीन, कपाळावर भस्म तसंच. बानोला त्यांनी आवाजावरून ओळखलं आणि एवढा आनंद झाला की सुनेला दोनदा चहा टाकायला लावला. चिंच आहे का, लक्ष्मम्मा कुठं असते, सगळं विचारून झालं. या माणसानं तिला पहिल्यांदा 'हुशार' म्हटलं होतं. त्याआधी आणि नंतर तसं कुणी म्हटलेलं तिला आठवत नव्हतं.

मग तिनं विचारलं. "साहेब, आम्ही एक येढा जास्त देत व्हतो का?"

साहेब लहान मुलासारखे हसले. "तुला आत्ता कळलं व्हय बानो? मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. सगळ्यांच्या सगळ्या कॉइली एकानं जास्त. डिझाइनवाला साठ लिहायचा, मी कार्डावर एकोणसाठ लिहायचो. डिझाइनवाल्याला बी न्हाई सांगितलं."

"आम्हाला का न्हाई सांगितलं?"

"कसं सांगू? कुणाचा बाप फाटकापर्यंत सोडायला यायचा, कुणाचा भाऊ. पोरीला जमतंय का म्हणून मला विचारायचे. सगळ्यांचं चुकतंय म्हणलो असतो तर दुसऱ्या दिवशी निम्म्याजणी घरी बसल्या असत्या. तुम्ही त्या पहिल्या येढ्याला किती खुशीत नाव घ्यायच्या. माझ्या एका आकड्यानं भागत होतं. भागवलं."

ते खरंच प्रेमानं सांगत होते. बानोला ते प्रेम दिसत होतं, म्हणूनच पुढचं बोलणं तिच्या जिवावर आलं. पण ती बोलली. पुण्याची परीक्षा सांगितली. तिथल्या कार्डावर शिवमूर्ती साहेबांचं अक्षर नव्हतं. फोरमननं मागितले तेवढे वेढे तिनं आणि नागुबाईनं मोजून दिले, आणि मोजून एक जास्त दिला. नाव दोनदा वाचलं त्याचं काही नव्हतंच, असं ती आजही म्हणणार नव्हती. पण कॉइल चुकली होती, हे खरं होतं.

साहेबांनी कानातलं मशीन नीट केलं, जणू ऐकण्यात काही गडबड झाली असावी. "कंपनी बंद पडंल असं मला कधी वाटलंच न्हाई, बाई," ते म्हणाले. "तुम्हाला दुसरीकडं कुठं काम करावं लागंल, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

बानोला त्यांच्यावर भयंकर राग आला होता आणि त्यांची तेवढीच कीव येत होती. निघताना तिनं त्यांच्या पायांना हात लावला.

बुधवारी सकाळी पोरी यायच्या आधी तिनं युनिटमध्ये प्रीतमला गाठलं. "कार्डावर चोवीस लिही," ती म्हणाली. "मी पोरींना खरं सांगनार हाय."

"मावशी, उद्या तपासणी आहे! आज मोजायची सवय बदलली तर गोंधळ उडेल. कुणी तेवीस करेल, कुणी पंचवीस. उद्याचा दिवस जाऊ द्या, मग खुशाल सांगा."

"शिवमूर्ती साहेब बी असंच म्हणले असतील रोज. उद्या सांगू."

"पण नुकसान कुणाचं होतंय? चोक तर बरोबर होताहेत."

"नुकसान?" बानो खुर्चीवर बसली. तिला हे असं सांगायचं नव्हतं. "तुझी आई पुण्याहून आली तवा तू नऊ वर्षांचा व्हता. ती मरंपर्यंत म्हणत व्हती, माझ्या हातात खोट हाय. तिच्या हातात काय बी खोट नव्हती, बेटा. खोट कार्डावर व्हती. आन् एका भल्या मानसानं ती लिव्हली व्हती, तुझ्यासारखीच, आमचं चांगलं व्हावं म्हणून."

मग तिनं उदगीरचं सगळं सांगितलं. आईची पुण्याची हकिकत प्रीतमनं ऐकली होती, पण त्याला एवढंच माहीत होतं की आईला काम जमलं नाही. तो बाकांमधून फिरला, नऊ कार्डं गोळा केली, आणि प्रत्येकावर तेवीस खोडून चोवीस लिहिलं.

पोरी आल्यावर बानो त्यांच्यासमोर उभी राहिली. चाळीस वर्षं ज्याची मिजास मारली तेच चुकीचं होतं, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तिची जीभ दोनदा अडखळली. "बरकत म्हना, जयभीम म्हना, कुनाचं बी नाव घ्या. पन तोच पहिला येढा हाय. फुडचा दोन." एक पोरगी म्हणाली, मग काल आमचं बरोबर कसं येत होतं? तेव्हा प्रीतम पुढं आला आणि म्हणाला, मी आकडा बदलला होता, माझं चुकलं.

गोंधळ उडायचा तो उडालाच. दिवसभर तेवीस, चोवीस, पंचवीस, सगळे आकडे निघाले. दोघी रडकुंडीला आल्या. बानो प्रत्येकीच्या शेजारी बसली, उलगडायला लावलं, पुन्हा करायला लावलं.

गुरुवारी पुण्याचा माणूस आला, नव्वद चोक करून घेतले आणि मीटर लावत बसला. चार चालणार होते, सात चुकले. त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. चुकलेले सात वेगवेगळ्या बाकांवरचे होते, म्हणजे एकीचाही हात कच्चा नव्हता, आणि लुंबिनीनं त्याच्यासमोरच आपला एक उलगडून, मोजून, परत बरोबर करून दाखवला होता. सहा हजारांची ऑर्डर काही त्यानं दिली नाही. दीड हजार देतो म्हणाला, महिन्यानं पुन्हा येतो, तेव्हा बघू. दीड हजारात नऊ जणींचे तीन महिने निघणार होते. तेवढ्यावर प्रीतमनं त्याला गाडीपर्यंत पोचवलं.

दुपारी सगळ्या मिळून जेवायला बसल्या. बानोशी कुणी फारसं बोलत नव्हतं. कालपासून पोरी तिच्याशी जरा जपूनच वागत होत्या. लुंबिनी मात्र डबा घेऊन तिच्या शेजारी येऊन बसली. तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं, आणि तिच्या डोक्यातलं तोंडावर यायला वेळ लागत नसे.

"मावशी, तुम्हाला तवा कुणी सांगितलं असतं, तर तुम्ही पुण्यात पास झाल्या असत्या का?"

"हाव," बानो म्हणाली. "मी बी झाले असते. आन् याची आई माझ्या आधी झाली असती. तिचा हात माझ्याहून साफ व्हता."

प्रीतम पुण्याच्या माणसाला सोडून परत येत होता, त्यानं दारातच हे ऐकलं. तो आत आला नाही. बाहेरच्या नळाशी जाऊन त्यानं हात धुवायला घेतले, आणि सगळ्यांचं जेवण होईपर्यंत तो तिथंच हात धूत राहिला.